आकुर्डी ते जकार्ता : ‘बजाय’ची कुळकथा

पाठीवर सॅक टाकून मित्रांबरोबर बँकॉकला उतरलेला आपल्याकडचा प्रवासी टुकटुक पाहिली की हमखास म्हणतो, “अरे, ही तर आपली रिक्षा!” ती आपली नव्हे. टुकटुकचं माहेर जपानात आहे. आपल्या रिक्षाची खरी सख्खी बहीण भेटायला हवी असेल तर आणखी दक्षिणेला, जकार्तापर्यंत जावं लागतं. गांबीर स्टेशनपासून जवळच जालान जाक्सा नावाची छोटी गल्ली आहे. स्वस्तातल्या खोल्यांमुळे कित्येक वर्षं सॅकवाल्या प्रवाशांचा तळ तिथे पडायचा. त्या भागात हात केला की निळी तीनचाकी समोर येऊन उभी राहते. तिला जकार्तावासी म्हणतात ‘बजाय’. लिहितात मात्र आपल्यासारखंच, ‘बजाज’. आकुर्डीच्या कारखान्याचं नाव साडेचार हजार किलोमीटर लांबच्या शहरात सामान्यनाम होऊन बसलं आहे. ते तिथे गेलं कसं आणि जाताना त्याचा शेवटचा ‘ज’ कुठे गळाला, हे शोधण्याचा नाद मला लागला आणि तो सुटायला तयार नाही.

सुरुवातीचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. माणसानं ओढायची रिक्षा १८७० च्या आसपास तोक्योत रस्त्यावर आली, तिथून आशियाभर पसरली, मग तिला पायडल लागलं. थायलंडमध्ये ती ‘सामलो’ झाली, इंडोनेशियात ‘बेचाक’. पुढे राज्यकर्त्यांना घामानं चालणारं वाहन आधुनिक राजधानीला शोभत नाही असं वाटू लागलं. सारित थनारत यांच्या राजवटीत १९६० मध्ये बँकॉकमधून पायडलचे सामलो हटवले गेले आणि त्यांची जागा दाइहात्सु कंपनीच्या ‘मिजेट’ या तीनचाकीनं घेतली. १९५७ मध्ये जपानात निघालेली ही मालवाहू गाडी. तिच्या हौद्यात बाकडं टाकलं, वर छप्पर चढवलं आणि टुकटुक तयार झाली.

हीच मिजेट जकार्तातही आली होती! १९६२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास ती तिथे उतरली. बेचाक आणि मोटर या दोन शब्दांची आद्याक्षरं जोडून लोकांनी तिला ‘बेमो’ म्हटलं. म्हणजे टुकटुकचा सख्खा भाऊ बेमो. मागे समोरासमोर दोन बाकडी, गुडघ्याला गुडघा लावून बसलेले उतारू. ती ठरलेल्या मार्गावर धावायची. ‘मला माझ्या दारात सोड’ हे बेचाकचं काम तिला जमणारं नव्हतं.

ती रिकामी जागा कुणी भरायची यावर पुढचं दशक गेलं. गव्हर्नर अली सादिकिन यांनी बेचाकना मुख्य रस्त्यांवरून मागे रेटलं आणि १९७१ मध्ये ‘हेलिचाक’ आणला. लँब्रेटाच्या यंत्रावर बांधलेला, उतारूंसाठी पुढे पारदर्शक घुमट असलेला, हेलिकॉप्टरच्या डोक्यासारखा. दिसायला देखणा, पण तो टिकला नाही. यंत्रं, सुटे भाग, खर्च अशी कारणं सांगितली जातात आणि ती खरी असतीलही. मला मात्र मूळ दोष बैठकीत दिसतो. बेचाकमध्ये उतारू पुढे आणि चालक मागे असतो. हेलिचाकनं तीच रचना जशीच्या तशी उचलली. पायडलच्या वेगाला ते ठीक होतं. इंजिनाच्या वेगात, पुढून बस येत असताना, धक्का पहिल्यांदा खाणारा उतारूच. १९७५ च्या सुमारास आलेल्या बजाजनं चालकाला पुढे बसवलं आणि उतारूंना त्याच्या पाठीमागे आडोसा दिला. एवढ्या एका बदलानं बाजी मारली, असं माझं ठाम मत आहे.

ही बैठक इटलीहून आली होती. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजिओनं १९४८ मध्ये स्कूटरच्या पुढच्या भागाला मागे दोन चाकांचा हौदा जोडून ‘आपे’ काढली. तिच्यात माल नेण्याऐवजी माणसं बसवायची ही कल्पना आपल्याकडे लावून धरण्याचं श्रेय पुण्याच्या नवलमल फिरोदियांना दिलं जातं. पुढे बजाज ऑटोनं १९५९ मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळवला, पियाजिओशी करार केला आणि हा करार १९७१ मध्ये संपल्यावर स्वतःच्या नावावर गाड्या विकायला सुरुवात केली. माझ्या मते ‘बजाज’ हे नाव जकार्ताच्या रस्त्यावर रुजायला ही वेळ कारणीभूत झाली. चारपाच वर्षं आधी ही गाडी तिथे गेली असती, तर कदाचित आज जकार्तावासी तिला ‘व्हेस्पा’ म्हणाले असते.

जकार्तातली बजाज जवळून पाहिली की पुणेकराला काहीही नवं वाटत नाही. हँडल स्कूटरचं, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकत्र. मनगट वळवलं की गिअर पडतो आणि त्या झटक्याबरोबर मागच्यांच्या माना एकदम डोलतात. जुन्या केशरी गाड्या दोन-स्ट्रोकच्या होत्या, धूर सोडणाऱ्या आणि आवाजानं कान किटवणाऱ्या. नव्या निळ्या गाड्या गॅसवर चालतात. बसायला दोघं ऐसपैस, तिघं दाटीवाटीनं. चौघा मित्रांनी सॅकसकट यायचं तर दोन गाड्या कराव्याच लागतात. ‘बांग’, म्हणजे दादा, अशी हाक मारून आधी भाडं ठरवायचं, कारण मीटर नाही. मोठ्या हमरस्त्यांवर तिला बंदी असल्यानं ती गल्लीबोळांतूनच जाते. म्हणून तिच्यात बसलेल्या प्रवाशाला मॉलच्या काचांऐवजी दोरीवरचे कपडे, साते (काडीवरचं मांस) भाजणाऱ्यांचा धूर आणि ओट्यावर बसलेले आजोबा दिसतात. ती कधी वळेल हे फक्त देवाला आणि चालकाला माहीत, असं तिथले लोक म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. ‘बजाज’चं ‘बजाय’ का झालं?

सोपं उत्तर असं की इंडोनेशियन शब्दांच्या शेवटी ‘ज’ येत नाही, म्हणून जिभेनं तो मऊ केला. हे मला पटत नाही. इस्लामी सण ‘इस्रा मिक्राज’ तिथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, शेवटी स्वच्छ ‘ज’ असलेला. त्याचं कुणी ‘मिक्राय’ करत नाही. अरबीतल्या ‘हज’ला त्यांनी शेवटी स्वर जोडून ‘हाजी’ केलं. जिभेला ‘ज’ जड जात असेल तर एक तर ती तो कसाबसा उच्चारते किंवा त्याला स्वराचा टेकू देते. ‘ज’चा ‘य’ करणं हे जिभेचं काम नव्हे, ते डोळ्यांचं काम आहे.

डोळ्यांना ती सवय लावली डचांनी. डच वळणाच्या जुन्या लेखनात रोमन ‘जे’ हे अक्षर ‘य’ म्हणून वाचलं जाई आणि ‘ज’साठी ‘डी’ आणि ‘जे’ जोडून लिहीत. १९७२ मध्ये सरकारनं लेखन सुधारलं, तेव्हापासून एकटं ‘जे’ म्हणजे ‘ज’ आणि ‘य’साठी ‘वाय’. शहराच्या नावापुढचा ‘डी’ तेव्हाच गळाला. पण माणसांनी आपली नावं जुन्याच वळणात ठेवली. दोनदा उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या युसुफ काल्ला यांचं नाव आजही ‘जे’नं सुरू होतं आणि वाचलं ‘युसुफ’ असंच जातं. अशा दुहेरी सवयीच्या काळात, सुधारणेला दोनतीन वर्षं झाली असताना, पाठीवर ‘जे’नं संपणारं नाव घेऊन ही गाडी आली. लोकांनी शेवटचं अक्षर जुन्या सवयीनं वाचलं, असं मी मानतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, मग मधला ‘जे’ का नाही बदलला? ‘बयाय’ का नाही? दुसरा, जुन्या लेखनातही ‘सुंगाय’ म्हणजे नदी, ‘पांताय’ म्हणजे किनारा, अशा शब्दांचा शेवट ‘आय’ या अक्षरानंच लिहीत, ‘जे’नं नाही. दुसऱ्या आक्षेपाला माझं उत्तर असं की डोळ्यांना ‘जे म्हणजे य’ एवढं ठाऊक असणं पुरेसं आहे आणि ‘-आय’नं संपणाऱ्या शब्दांची या भाषेत रेलचेल असल्यानं कानानंही लगेच होकार दिला. पहिल्याचं उत्तर मला त्यांच्याच भाषेत सापडलं. ‘बाजा’ म्हणजे इंडोनेशियनमध्ये पोलाद. पत्र्याच्या गाडीवर वाचणाऱ्याला आधी तो ओळखीचा शब्द दिसला, तो नव्या पद्धतीनं वाचला गेला आणि उरलेलं एकटं अक्षर जुन्या पद्धतीनं. पोलादाचा दुवा हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण मधला ‘ज’ तगला आणि शेवटचा विरघळला याचा मेळ या तर्कानं बसतो.

या नावाचं आणखी मागचं मूळ तर अरबस्तानात जातं. ‘बझ्झ’ म्हणजे कापड, ‘बझ्झाझ’ म्हणजे कापडविक्या. फारसीतून तो शब्द उत्तर हिंदुस्थानात आला, ‘ज’कार घेऊन व्यापाऱ्यांचं आडनाव झाला आणि बजाज उद्योगाचे संस्थापक जमनालाल बजाज यांच्या घराण्याबरोबर वर्ध्याला स्थिरावला. जकार्तात पासार बारू नावाची १८२० पासूनची बाजारपेठ आहे. तिथे सिंधी-पंजाबी कापडवाल्यांची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. म्हणजे ‘बजाज’ तिथे दोन रूपांत आहे. धंदा दुकानाच्या गादीवर बसला आहे आणि नाव दाराशी तीन चाकांवर उभं आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध असल्याचं तिथे फारसं कुणाच्या गावीही नसतं.

आज जकार्तात टीव्हीएसची तीनचाकीही धावते. तिलाही लोक बजायच म्हणतात. ‘बजाज बाजुरी’ नावाच्या तिथल्या दूरचित्रवाणी मालिकेनं २००२ पासून हा शब्द घराघरांत नेला. कंपनीचं किंवा छापाचं नाव वस्तूला चिकटतं हे आपण डालडा आणि झेरॉक्समध्ये पाहिलं आहे. इथे मात्र एका परक्या शहरानं ते नाव स्वतःच्या लिपीच्या इतिहासातून वाचलं आणि आपलं करून टाकलं. म्हणून ‘बजाय’ला चुकीचा उच्चार म्हणणं मला मान्य नाही. त्या एका ‘य’मध्ये डचांची राजवट आहे आणि १९७२ ची सुधारणाही. पुढच्या वेळी जकार्तात रिक्षा करताना आपण ‘बजाज’ म्हणून दुरुस्ती करू नये. तिथलं बरोबर नाव बजाय हेच आहे.