मगनवाडी ते मोबाइल : वर्ध्याच्या ताटाभोवतीचा इतिहास

लठ्ठपणाचा विषय निघाला की आपलं बोलणं लगेच माणसाच्या जिभेवर येऊन थांबतं. जिभेवर ताबा नाही, चालणं नाही, रात्री उशिरा खाणं. आज आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणार आहोत. माणूस काय खातो, याआधी त्याच्या हाताशी काय आणून ठेवलंय, कुणी ठेवलंय आणि किती स्वस्तात, हे पाहायचं. अभ्यासक याला हल्ली ‘अन्नपर्यावरण’ म्हणतात. शब्द नवा आहे, पण हा प्रश्न वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर दिलं. मगनलाल गांधींच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली. संघाचे मंत्री जे. सी. कुमारप्पा. कामं कोणती, तर हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, गूळ, घाणीचं तेल. आज ही यादी ऐकली की शहरातलं एखादं महागडं ‘ऑरगॅनिक’ दुकान डोळ्यांपुढे येतं. तेव्हाचा हिशोब तसा नव्हता. तांदूळ गिरणीत गेला की वरचा कोंडा जातो, त्यातलं जीवनसत्त्व जातं, आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते. तेलीदादाची घाणी बंद पडली की गावातली पेंडही संपते, मग बैलाला काय घालायचं? आरोग्य, मजुरी आणि गोठा, तिन्ही एकाच वहीत मांडलेले. कुमारप्पांचं मोठेपण आम्हाला इथे दिसतं.

पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली. समितीने शेकडो गावांची पाहणी केली. १९३९ मध्ये अहवाल आला. गावात काय तयार होतं, बाहेरून काय येतं, कुणाचा धंदा बसतो, हे त्यात पाहता येतं.

गांधीजींचं थोडं वेगळं होतं. ते प्रश्न पुन्हा संयमाकडे, अस्वादाकडे नेत, आणि तिथे आमचं त्यांच्याशी पूर्ण जमत नाही. (ज्या वर्ध्यात अस्वादव्रताची एवढी चर्चा झाली, त्याच वर्ध्याचा तुपातला गोरसपाक पाहुण्यांच्या पिशवीतून गावोगाव जातो. तोही गोसेवेच्या कामातूनच आलेला!) पण ते प्रयोग मात्र करत. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात १९३५ साली त्यांनी सोयाबीन शिजवायला लावलं. स्वस्तात प्रथिनं मिळावीत, हा हेतू. ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलंही.

आता पुढची गंमत बघा. सोयाबीन वर्धा जिल्ह्यात खरंच आलं, पण स्वयंपाकघरात नाही, शेतात. कापसाच्या जोडीला असलेली ज्वारी मागे सरली, सोयाबीन पसरलं. शेतकरी ते पोत्यात भरून बाजार समितीत नेतो. कारखान्यात तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला किंवा परदेशात जाते. तेच तेल पाकिटातून गावच्या किराणा दुकानात परत येतं, आणि नाक्यावरच्या कढईतही. ज्वारी घरची होती तेव्हा भाकरी घरची होती. आता रेशनचा तांदूळ-गहू आणि पाकिटातलं तेल. यात शेतकऱ्याच्या जिभेचा दोष कुठे शोधणार?

एक फरक मात्र विसरायचा नाही. १९३५ चा प्रश्न उपाशी पोटाचा होता. आज एकाच घरात पोर अशक्त आणि आई-बाप जाड, असंही दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातल्या १२.६ टक्के स्त्रिया आणि ९.३ टक्के पुरुष अतिवजनाचे होते. २०१९-२१ मध्ये हेच आकडे २४ आणि २२.९ झाले. शिवाय वजनकाटा सगळं सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे वर्ध्याच्या रस्त्यावर ‘काटक’ दिसणारा माणूस आतून तसा असेलच, असं नाही.

आता मोबाइलकडे येऊ. अन्नपर्यावरण मोजायची जुनी रीत म्हणजे पायपीट. शाळेभोवती किती दुकानं, त्यात फळं किती, वेफर्स किती, अंतर किती. आपला कायदाही याच नजरेने बघतो. २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. नियम चांगला आहे. पण २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि दुकानाचा फळा मुलाच्या हातात आला. त्याला कुठले ५० मीटर?

इतिहासाच्या बाजूने बघता अडचण याहून मोठी आहे. कुमारप्पांच्या समितीला गिरणी दिसत होती. ती कुणाची, किती घरांचं कांडण गेलं, हे गावात विचारता येत होतं. मोबाइलवरची जाहिरात मात्र तुम्हाला एक दिसते, शेजारच्या काकूंना दुसरी, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गायब. कुणाला, किती वाजता, कोणती सूट दाखवली, याची वही कंपनीच्या घरात. ती अभ्यासकाला पाहायला मिळत नाही. पन्नास वर्षांनी कुणी २०२५ च्या वर्ध्याचा आहार-इतिहास लिहायला बसला, तर त्याच्यापुढे आजाराचे आकडे असतील. पण तो आजार ज्या बाजारात वाढला, त्या बाजाराचा कागद नसेल.

म्हणून एक विनंती. येत्या आठवड्यात रोज रात्री नऊ ते दहा, घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर खाण्याच्या किती जाहिराती आल्या, कशाच्या, काय भावाने, हे वहीत लिहा. तारीख घाला, गावाचं नाव घाला. शाळेतल्या मुलांना सांगितलंत तर ती आपल्यापेक्षा नीट लिहितील.