मोठं लिखाण करायचंय? आधी फाइल कुणाच्या ताब्यात राहते ते बघा

एमएच्या प्रबंधाची तीन प्रकरणं मी मोबाइलवर, एका नोट्स अ‍ॅपमध्ये लिहिली होती. फोन बदलला तेव्हा मजकूर बाहेर काढला, तर शब्द आले पण मथळे, तळटीपा, क्रम सगळं गायब! प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. तेव्हापासून अ‍ॅप निवडताना माझा पहिला प्रश्न एकच: हे अ‍ॅप उद्या काढून टाकलं तर माझी फाइल उघडेल का?

म्हणून मी मार्कडाउनकडे वळलो. जॉन ग्रुबरने २००४ मध्ये आणलेली ही पद्धत अगदी सोपी आहे. साध्या टेक्स्ट फाइलमध्येच खुणा करायच्या. ओळीच्या सुरुवातीला # दिलं की प्रकरण, ## दिलं की उपप्रकरण. अशी फाइल नोटपॅडमध्येही उघडते. जागाही किरकोळ लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे लाखभर चिन्हांचं लिखाण साधारण ३०० केबी.

फक्त लिहायचंच असेल तर अँड्रॉइडवर मार्कोर पुरेसं आहे. मोफत, ओपन सोर्स, थेट फोल्डरमधल्या फाइल उघडतं.

प्रकरणं जास्त असतील तर मी ऑब्सिडियन सुचवेन. एका प्रकरणाची एक फाइल ठेवा. मथळ्यांची यादी बाजूला दिसते आणि फाइलचं नाव बदललं तरी आतल्या लिंक तुटत नाहीत. फाइल तुमच्याच फोल्डरमध्ये राहतात. एक गोष्ट मात्र सांभाळा: त्याच्या दुहेरी चौकटी कंसातल्या लिंक मूळ मार्कडाउनमध्ये नाहीत, दुसरं अ‍ॅप त्या ओळखेलच असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन साध्या मार्कडाउन लिंक निवडा. (आणि तो ठिपक्यांचा ग्राफ बघत बसू नका. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेलीय.) त्यांची सिंक सेवा पैसे देऊन घ्यावी लागते, पण फोल्डरची कॉपी तुम्ही स्वतःही ठेवू शकता.

शेवटी गाईडला वर्ड फाइलच हवी असते. त्यासाठी कॉम्प्युटरवर पॅनडॉक लागतं. जॉन मॅकफार्लेन यांचं हे मोफत सॉफ्टवेअर मार्कडाउनपासून वर्ड, ईपब, पीडीएफ बनवतं. मराठीसाठी खरी अडचण पीडीएफमध्ये येते. त्याचं नेहमीचं पीडीएफ इंजिन देवनागरीला अडतं. झीलाटेक इंजिन निवडून देवनागरी फॉन्टचं नाव द्यावं लागतं. तेवढा खटाटोप नको असेल तर आधी वर्ड फाइल बनवा आणि तिथून पीडीएफ काढा.

हे सगळं पहिल्याच आठवड्यात करून बघा. दोन पानं, एक तळटीप, एक जोडाक्षरांनी भरलेला परिच्छेद, एवढं पुरे.