केंद्रीकरणातील दोष, रेंजफाइंडर कॅमेऱ्यातील
रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापकयुक्त कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही. वस्तूचे अंतर एका स्वतंत्र प्रकाशीय यंत्रणेने मापले जाते आणि ते माप यांत्रिक जोडणीद्वारे भिंगाच्या पुढेमागे सरकण्याशी जुळविलेले असते. त्यामुळे दर्शकातील दोन प्रतिमा एकमेकींवर बिनचूक बसल्या, तरी फिल्मवरील प्रतिमा स्पष्ट येईलच असे नाही. भिंगाचे छिद्र लहान असेपर्यंत ही उणीव झाकली जाते. एफ/२ वा त्याहून मोठ्या छिद्राची भिंगे प्रचारात आल्यावर ती उघडी पडली. तिच्या निवारणात दुरुस्तीपेक्षा निदान अधिक अवघड असते. कॅमेऱ्यातील, जोडणीतील व खुद्द भिंगातील दोष छायाचित्रात जवळजवळ सारखेच दिसतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास निर्दोष असलेले भागही बिघडतात.

भिंगाशी जोडलेला अंतरमापक प्रथम १९१६ मध्ये कोडॅक कंपनीच्या एका कॅमेऱ्यात आला. ओस्कार बार्नाक (१८७९–१९३६) यांनी अभिकल्पिलेला व १९२५ साली विक्रीस आलेला लायका मात्र अंतरमापकाविना होता. अंतर अदमासाने ठरवावे लागे किंवा कॅमेऱ्यावर वेगळा अंतरमापक बसवून त्यावरील आकडा भिंगावर लावावा लागे. एफ/३·५ छिद्राच्या एल्मार भिंगाला हे पुरे होते. १९३० मध्ये लायकाची भिंगे बदलता येऊ लागली. पण आरंभी प्रत्येक भिंग ठराविक कॅमेऱ्याला कारखान्यातच जुळवून द्यावे लागे. १९३१ साली भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८·८ मिमी. असे प्रमाणित झाले, तेव्हाच कोणतेही भिंग कोणत्याही लायकावर चालू लागले. जोडलेल्या अंतरमापकाचा लायका आणि झाइस इकॉन कंपनीचा काँटॅक्स हे दोन्ही १९३२ मधले. लायकाच्या अंतरमापकाच्या दोन खिडक्यांमधील अंतर सु. ३९ मिमी. होते, तर काँटॅक्सचे सु. १० सेंमी. हे अंतर जितके मोठे तितके मापन सूक्ष्म. लायकाने पुढच्याच वर्षी दर्शकाचे विवर्धन दीडपट करून ही तूट बरीच भरून काढली. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये ६८·५ मिमी. अंतर व ०·९१ विवर्धन यांचा गुणाकार सु. ६२ मिमी. येतो.

मापन सूक्ष्म झाले, तरी भिंगाची गरज त्याहून झपाट्याने वाढली. फिल्मवर ०·०३ मिमी. व्यासाचा धूसर ठिपका ग्राह्य मानला, तर एफ/३·५ ला प्रतिमाप्रतल सु. ०·१ मिमी. पुढेमागे झालेले चालते. एफ/१·५ ला फक्त ०·०४५ मिमी. ५० मिमी. भिंग एफ/१·५ ला ठेवून १ मी. अंतरावरील चेहरा टिपला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा एकूण सु. ३·५ सेंमी. जाडीचा असतो. डोळ्यावर साधलेले केंद्र कानावर जाण्यास एवढे पुरते.

येथे एका लहानशा आकड्याने मोठा घोळ घातला. लायकाची ‘५० मिमी.’ भिंगे प्रत्यक्षात ५१·६ मिमी. केंद्रांतराची असून अंतरमापक त्याच केंद्रांतराच्या सरकण्यावर आधारलेला आहे. इतर केंद्रांतरांच्या भिंगांत कॅमच्या साहाय्याने त्यांची हालचाल ५१·६ मिमी. च्या मापात रूपांतरित केली जाते. झाइसच्या ५० मिमी. सोनार भिंगाचे खरे केंद्रांतर सु. ५२·४ मिमी. होते. दुसऱ्या महायुद्धानंतर काँटॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएट संघात गेली. तेथे सोनारच्या रचनेवरून झालेली ज्युपिटर–३ (एफ/१·५) व ज्युपिटर–८ (एफ/२) ही भिंगे लायकाच्या आट्यांतही निघाली. केंद्रांतर मात्र सोनारचेच राहिले. असे भिंग लायकावर बसविल्यास अनंत अंतरावर काही बिघडत नाही. १ मी. वरील वस्तूसाठी मात्र लायकाच्या हिशेबाने ते सु. २·८१ मिमी. पुढे येते, आणि त्याला हवे असतात २·९० मिमी. फरक ०·०९ मिमी. चा, म्हणजे एफ/१·५ च्या मर्यादेच्या दुप्पट; केंद्र वस्तूच्या मागे सु. ३ सेंमी. पडते. ३ मी. वर हाच फरक ०·०३ मिमी. हून कमी भरतो व दिसतही नाही. जपानी निकॉनने १९४८ मध्ये काँटॅक्ससारखी बैठक घेतली. मात्र केंद्रीकरणाचे माप लायकाच्या जवळचे ठेवले. म्हणून तिची विशालकोनी भिंगे काँटॅक्सवर निभावत. दूरचित्रण भिंगे निभावत नसत. काँटॅक्ससाठी निकॉनला ‘सी’ चिन्हाची वेगळी भिंगे काढावी लागली. या साऱ्यात कोणत्याही कारखान्याचे काम निकृष्ट नव्हते. प्रत्येकाचे प्रमाण तेवढे वेगळे होते.

तिसरा दोष यंत्राचा नव्हे, प्रकाशाचा आहे. लूटव्हिख बेर्टेले (१९००–८५) यांनी एफ/१·५ सोनारमध्ये सात भिंगे तीनच गटांत चिकटवून हवेला लागणारी पृष्ठे सहावर आणली. परावर्तनरोधी लेप रूढ होण्यापूर्वीच्या काळात हा मोठाच लाभ होता. प्रतिमा उजळ व ठसठशीत येई. त्या बदल्यात काही गोलीय विपथन शिल्लक राहिले. कडेचे किरण मधल्या किरणांच्या अलीकडे एकत्र येतात. छिद्र बारीक करताच कडेचे किरण अडतात आणि केंद्र मागे सरकते. अंतरमापकाला हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणून असे भिंग कोणत्या छिद्राला बिनचूक ठेवायचे, हे जुळविणाऱ्याने ठरवावे लागते. एफ/२·८ ला बरोबर असलेले सोनार एफ/१·५ ला वस्तूच्या पुढे केंद्रित होते. ही तडजोड आहे, बिघाड नव्हे.

निदानाची सुरुवात भिंगापासून नव्हे, कॅमेऱ्यापासून करणे श्रेयस्कर. काही किमी. दूरच्या मनोऱ्याच्या दोन प्रतिमा भिंग अनंतावर असताना एकरूप होतात की नाही, हे प्रथम पाहतात. त्या वरखाली झाल्या असतील, तर अंतर चुकत नाही, फक्त जुळवणे कठीण जाते. त्यानंतर तिकाटण्यावरून १ मी. अंतरावरील तिरप्या मोजपट्टीची छायाचित्रे पूर्ण उघड्या छिद्राने, दर वेळी नव्याने केंद्रीकरण करून घेतात. भिंतीवर सपाट लावलेले वर्तमानपत्र या कामी निरुपयोगी. ते धूसरपणा दाखविते, त्याची दिशा दाखवीत नाही. फिल्म कॅमेऱ्यात फिल्मच्या रुळांवर दुधी काच ठेवून विवर्धकाने प्रतिमा पाहणे अधिक जलद होते. सर्व भिंगे सारखीच चुकत असतील, तर दोष कॅमेऱ्याचा. एकच भिंग सर्व अंतरांवर चुकत असेल, तर त्याची बैठक वा आतील कडी शंकास्पद. तेच भिंग अनंतावर बरोबर व जवळ येताना वाढत्या प्रमाणात चुकत असेल, तर केंद्रांतराचे प्रमाण जुळत नाही. चूक छिद्रानुसार बदलत असेल, तर ते विपथन होय.

लायका एम मालिकेत भिंगाला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाचा रूळ विकेंद्री बसविलेला असतो. तो फिरवून अनंत अंतराची जुळणी होते. एका हट्टी भिंगासाठी तो फिरविण्याचा मोह अनेकांना होतो व मग उरलेली सारी भिंगे चुकू लागतात. ज्युपिटर–३ सारख्या भिंगात उपाय भिंगातच करावा : प्रकाशीय गट व सरकती नळी यांच्यामधील कडी सु. ०·०४ मिमी. ने जाड केली की जवळची चूक निम्म्याने घटते. अनंतावर तेवढीच चूक उलट दिशेने येते, पण ती एफ/१·५ च्या मर्यादेत राहते आणि छिद्र थोडे बारीक करताच दिसेनाशी होते.

२००६ मध्ये लायका एम ८ आल्यावर जुन्या भिंगांविषयीच्या तक्रारी वाढल्या. फिल्मला जाडी असते, ती किंचित वाकतेही. संवेदक सपाट असतो व चित्र पडद्यावर कितीही मोठे करून पाहता येते. दोष पूर्वीचेच होते. २०१० मधील ३५ मिमी. सुमिलक्समध्ये एक भिंगगट स्वतंत्रपणे सरकण्याची योजना करून केंद्राचे सरकणे बरेच आटोक्यात आणले गेले. २०१२ साली जाहीर झालेल्या लायका एम मध्ये संवेदकावरील प्रतिमा थेट पाहण्याची सोय झाली. त्यामुळे अशा कॅमेऱ्यावर अंतरमापक किती चुकतो, हे फिल्म न खर्चिता काही मिनिटांत मोजता येते. दर्शकातूनच छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर रूळ व कडी यांची जुळणी पूर्वीप्रमाणेच करावी लागते.