१७ सप्टेंबरच्या झेंड्याखाली आपण कुठे उभे राहायचे?

सप्टेंबर उजाडला की येरमाळा-कळंब भागातली आपली पोरं एकच प्रश्न विचारतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला जायचं की नाही? एकजण म्हणतो, तो आपला दिवसच नाही. दुसरा म्हणतो, १७ सप्टेंबर ही पेरियार आणि अनागारिक धम्मपाल यांची जयंती आहे, आपण तीच करू. तिसरा मोबाईल पुढे करतो. त्यावर कुणीतरी फिरवलेली पोस्ट असते: "तुमचे लोक तर तेव्हा निजामाबरोबर होते." तिघांनाही उत्तर द्यायला पाहिजे.

आधी हे लक्षात घ्या की या दिवसाचं नाव काय असावं यावरच सत्ताधाऱ्यांचं एकमत नाही. २०२२ साली सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर केंद्र सरकारने 'हैदराबाद मुक्ती दिन' केला, अमित शहा आले. त्याच दिवशी तेलंगणाच्या केसीआर सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' केला. ओवैसींनाही मुक्तीऐवजी एकात्मताच हवी होती. २०२४ मध्ये केंद्राने मुक्ती दिनाची अधिसूचनाच काढली आणि तेलंगणातल्या काँग्रेस सरकारने प्रजापालन दिन असं तिसरंच नाव काढलं. कर्नाटकात २०१९ पासून 'कल्याण कर्नाटक उत्सव'. तारीख एक, नावं चार! एकाला त्यात मुसलमान राजवटीचा पराभव दाखवायचा आहे, दुसऱ्याला मुसलमान मतदार दुखवायचा नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या दिवशी काय मिळालं, हा प्रश्न दोघांच्याही पत्रिकेवर नाही.

आपल्या जिल्ह्यात काय घडलं ते बघू. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आलं. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. त्याआधी रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. तो अत्याचार खरा आहे, तो नाकारणाऱ्याच्या नादी लागू नका. पण नंतरचंही तितकंच खरं आहे. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. मरणारे बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे समितीने नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. उस्मानाबाद म्हणजे आपला आजचा धाराशिव, आणि तेव्हा लातूरही त्यातच होतं. हा अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. झेंडावंदनाच्या भाषणात तो आजही येत नाही.

आणि ज्या निजामापासून मुक्ती मिळाली म्हणतात, त्याचं पुढे काय झालं? २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तोच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, तनखा घेऊन. राजाची सोय झाली. गावातला पाटील, देशमुख, जमीनदार होता तिथेच राहिला, आणि तो बहुतेक ठिकाणी हिंदूच होता. महार-मांगाची वेठबिगार कुठल्या एका धर्माच्या राजामुळे चाललेली नव्हती. ती गावगाड्यामुळे चाललेली होती. बाबासाहेब २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला आले ते याच प्रश्नासाठी. महार-मांग वतनदार परिषद होती ती. माझ्या मते या जिल्ह्यातल्या मुक्तिसंग्रामाचं एक पान तिथे उघडतं. पाठ्यपुस्तकात ते शोधून दाखवा.

आता त्या पोस्टचं उत्तर. हैदराबाद संस्थानातले आपले काही पुढारी निजामाबरोबर गेले होते, हे लपवायचं कारण नाही. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते. श्यामसुंदर तर सप्टेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत हैदराबादची बाजू मांडायला गेलेल्या शिष्टमंडळात होते. त्यांचा हिशेब सरळ होता, स्टेट काँग्रेसच्या राज्यात सवर्णांचंच राज्य येणार. हिशेब चुकला, पण भीती खोटी नव्हती. खुद्द बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच पत्रक काढून बजावलं होतं की हैदराबादच्या अस्पृश्यांनी निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नये, धर्मांतराच्या दबावाला बळी पडू नये. फौजा शिरण्याच्या दहा महिने आधी! त्यामुळे १७ सप्टेंबरला मान खाली घालून उभं राहण्याची वेळ आपल्यावर येत नाही.

मग आपल्या लोकांच्या मनात या दिवसाबद्दल अढी का? त्याचं कारण १९४८ मध्ये नाही, १९७८ मध्ये आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. त्या वेळी नामांतराच्या विरोधात उभे राहिलेल्यांत गोविंदभाई श्रॉफ होते, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव होते. दोघेही मुक्तिसंग्रामातले मोठे लढवय्ये, तुरुंग भोगलेले. त्यांचा त्याग मी कमी लेखत नाही. पण निजामाविरुद्ध लढून मिळवलेली 'मराठवाड्याची अस्मिता' बाबासाहेबांच्या नावाआड उभी केली गेली, हे कसं विसरायचं? ज्या मुक्तीच्या नावाने आमच्या वस्तीला आग लागली, तिच्या झेंड्याला पोरांनी सलाम करताना हात अडखळणारच.

पुढचं आणखी बघा. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नामांतर नव्हे, नामविस्तार. त्याच वर्षी विद्यापीठ तोडून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ काढलं. त्याच्या स्थापनेची तारीख कोणती? १७ सप्टेंबर १९९४. स्वामीजींच्या नावाला कुणाचाच विरोध नव्हता, त्यासाठी कुणाला मरावंही लागलं नाही. तारखा आपोआप पडत नाहीत, कुणीतरी बसून ठरवतं.

म्हणून पहिल्या दोघांनाही माझं उत्तर असं. पेरियार जयंती जरूर करा, संध्याकाळी विहारात करा, धम्मपालांच्या महाबोधी महाविहाराच्या लढ्यावर बोला. पण झेंडावंदन टाळण्याचं निमित्त म्हणून ती करू नका. रिकामी सोडलेली जागा दुसरा कुणीतरी भरतो, आणि आज ती कोण भरतंय ते दिसतंच आहे. सकाळी शाळेत, ग्रामपंचायतीत हजर राहा. मुसलमान शेजाऱ्याला सोबत घेऊन जा, कारण त्या दिवसाच्या भाषणांत सगळ्यात जास्त अवघडून तोच उभा असतो. बोलायला दोन मिनिटं मागा. एका मिनिटात कसबे तडवळे सांगा, दुसऱ्यात नोव्हेंबर १९४७ चं पत्रक. दोन मिनिटं दिली नाहीत, तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जय भीम.