अनधिकृत व्यवहार : नुकसान बँकेचे की ग्राहकाचे?

नवी दिल्ली : आपण न केलेल्या व्यवहारात खात्यातून पैसे गेल्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि तेथूनच बँक व ग्राहक यांच्यातील वादाला तोंड फुटते. योग्य पासवर्ड व ओटीपी वापरला गेला असल्याने चूक ग्राहकाचीच आहे, असे बँक म्हणते. आपण कोणालाही माहिती दिली नाही, असे ग्राहक सांगतो. अशा वेळी नुकसान कोणी सोसायचे, याचे निकष रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाद्वारे ठरवून दिले. सहकारी बँकांसाठी स्वतंत्र परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले.

दोष कोणाचा?

बँकेचा गैरव्यवहार, निष्काळजीपणा किंवा सेवेतील त्रुटी कारणीभूत असेल, तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही; त्याने तक्रार केली नसली तरीही हा नियम लागू होतो. पिन, पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगण्यासारखा निष्काळजीपणा ग्राहकाकडून घडला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचे. कळवल्यानंतरचे मात्र बँकेचे.

दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा प्रकरणांत तक्रारीची वेळ निर्णायक ठरते. बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती प्रत्येक व्यवहारामागे मर्यादित राहते : मूलभूत बचत खात्यासाठी ५ हजार, इतर बचत खात्यांसाठी १० हजार, तर ५ लाखांहून अधिक मर्यादेच्या क्रेडिट कार्डासाठी २५ हजार रुपयांपर्यंत. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल, तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होते. संदेश मिळाल्याचा दिवस या मुदतीत धरला जात नाही.

पुराव्याचा भार बँकेवर

ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, ही या परिपत्रकातील सर्वांत महत्त्वाची तरतूद होय. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत वादग्रस्त रक्कम ‘शॅडो रिव्हर्सल’ पद्धतीने खात्यात जमा दाखवणे आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढणे बँकेला बंधनकारक आहे.

न्यायालयांची भूमिका

केवळ एसएमएसला प्रतिसाद दिला नाही, एवढ्या कारणावरून ग्राहकाला जबाबदार धरता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये बँक ऑफ बडोदाला एका कंपनीच्या खात्यातून गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. या खात्यात ओटीपीविना नवे लाभार्थी जोडले गेले होते. त्याआधी बँकिंग लोकपालांनी ही तक्रार फेटाळली होती.

आसाममधील प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. ऑनलाइन खरेदी केलेली वस्तू परत करू पाहणाऱ्या ग्राहकाने ग्राहक सेवा केंद्राच्या नावाने आलेल्या दूरध्वनीवर विसंबून मोबाइलमध्ये ॲप घेतले आणि ९४,२०४ रुपये गमावले. भारतीय स्टेट बँकेने दोष त्याच्यावर ठेवला. मात्र विक्रेत्याच्या संकेतस्थळावरील माहिती फुटली होती आणि ग्राहकाने २४ तासांच्या आत तक्रार केली होती. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले व सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२५ रोजी तो निर्णय कायम ठेवला. त्याच वेळी ग्राहकांनीही दक्ष राहावे आणि ओटीपी कोणाला देऊ नये, असे न्यायालयाने बजावले.

दाद कोठे मागावी?

सर्वप्रथम बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंद करावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. या प्रत्येक टप्प्यावर बँकेला कधी कळवले, हा प्रश्न पुढे येतोच. म्हणून पहिल्या तक्रारीची तारीख व वेळ दर्शवणारा पुरावा जपून ठेवणे आवश्यक ठरते.