कोयना: धरणानं भूकंप आणला का?

आजचा भाग थोडा घरचा आहे.

माझी आजी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. पुस्तकात ही वेळ वाचण्याआधी मी ती आजीच्या भाषेत ऐकली होती, "कोंबडं आरवायच्या आधी." फळीवरची भांडी खाली, मागची भिंत आडवी आणि मग कित्येक रात्री थंडीत उघड्यावर. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. कोयनानगरची बहुतेक घरं पडली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं.

आजीचं निदान एका वाक्याचं: "पाणी अडवलं, म्हणून जमीन फाटली." बीटेकला असताना सुट्टीत मी तिला शिकवायला बसलो होतो, की भूकंप प्लेट्समुळे होतात, धरणामुळे नाही. ते आठवलं की आता कसंतरीच होतं.

कारण तेव्हाचे भूवैज्ञानिकसुद्धा चकित झाले होते. दख्खनचं पठार म्हणजे देशातला स्थिर भाग, असंच सगळे धरून चालले होते. धरणाची उंची १०३ मीटर. १९६२ च्या सुमारास शिवसागर भरायला लागला आणि लगेच जमिनीतून गडगडाट, छोटे धक्के सुरू झाले. म्हणून तिथे भूकंपमापक बसवले गेले. सप्टेंबर १९६७ मध्ये ५ च्या वरचा एक धक्का बसला. मग डिसेंबर.

आता आपल्या कामातलं बघा. नवीन कोड टाकला आणि सर्व्हर पडला, की दोष शेवटच्या बदलाला. पण बऱ्याचदा बग दोन वर्षं आधीचा असतो, शेवटच्या बदलानं त्याला फक्त वाट करून दिलेली असते.

इथेही हिशोब करून बघू. १०० मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण १० वातावरण. ५ किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब जवळपास १३०० वातावरण! एवढ्याशा पाण्यानं एवढा खडक मोडेल, हे पटत नाही. मग ताकद आली कुठून?

याचं उत्तर कॅलिफोर्नियातून आलं होतं. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड यांनी जमीन मोजणीच्या जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवल्या. दिसलं असं, की भूकंपाच्या कितीतरी वर्षं आधीपासून फॉल्टच्या दोन्ही बाजूंची जमीन हळूहळू वाकत होती. खडक आपल्याला कडक वाटतो, पण तो पट्टीसारखा वाकतो, ताण साठवतो, आणि फॉल्टवरचं घर्षण कमी पडलं की सटकतो. १९१० मध्ये रीड यांनी हे सविस्तर मांडलं. आपल्याकडे भारतीय प्लेट उत्तरेला रेटते आहे, वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर. तो ताण आपल्या खडकातही जुन्या फटींपाशी साठतो. म्हणजे कोयनेखाली पट्टी आधीच वाकलेली होती.

मग पाण्यानं काय केलं? घरी करून बघण्यासारखं आहे. गरम पाण्यानं धुतलेली वाटी ओल्या ओट्यावर उपडी ठेवा. कधीकधी ती आपोआप सरकते. आतली हवा तापून फुगते, वाटीला किंचित उचलते, घर्षण कमी होतं. वाटी काही हलकी झालेली नसते. जलाशयाचं पाणी फटींमधून खोल झिरपतं आणि त्याचा दाब फॉल्टच्या दोन भिंतींना तसंच जरासं अलग ढकलतो. सटकायच्या बेतात असलेल्या फॉल्टला तेवढं पुरतं.

हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे धरणाची पातळी आणि धक्के यांचा मेळ वर्षानुवर्षं तपासला. पावसाळ्यात जलाशय भरला की धक्के वाढतात. दक्षिणेला वारणेचं धरण १९८५ पासून भरायला लागलं, तेव्हा नंतरच्या वर्षांत धक्केही त्या बाजूला पसरले. मला हा पुरावा सगळ्यात वजनदार वाटतो. एकदा घडलं तर योगायोग म्हणता येतं, शेजारच्या धरणालाही घडलं तर अवघड जातं.

तरी हे सगळं वरून केलेलं अनुमान. म्हणून कोयनेच्या परिसरात खोल बोअरहोल्स घेतली. गोठण्याजवळचं ३ किलोमीटर खोल बोअरहोल २०१७ मध्ये पूर्ण झालं. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला, मग त्याखाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक. काम बघणारी प्रयोगशाळा कराडला आहे, आजीच्या गावाहून एसटीनं जाण्याएवढ्या अंतरावर.

मागच्या दिवाळीत हे सगळं तिला सांगितलं. वाटीचा प्रयोगही करून दाखवला. वाटी तिसऱ्या खेपेला सरकली.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे पाणी नसतं भरलं, तर त्या दिवशी घर पडलं नसतं?"

"त्या दिवशी तरी नाही, आजी."

"मग मी काय येगळं सांगत हुते?" म्हणाली, आणि वाटी उचलून फळीवर ठेवली.