विन्स्टनच्या जागी

ऑक्टोबर १९७८मध्ये लिव्हरपूलच्या ‘एरिक्स’ या क्लबात दोन तरुणांनी आपला पहिला कार्यक्रम केला. अँडी मॅक्लस्की बास गिटार वाजवत गात होता, पॉल हम्फ्रीज कीबोर्डवर होता आणि त्यांचा तिसरा साथीदार होता एक टेप रेकॉर्डर. टीॲक कंपनीच्या त्या चार ट्रॅकच्या यंत्राला त्यांनी नाव दिलं होतं विन्स्टन. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या नायकावरून. ताल आणि साथीचे काही सूर विन्स्टनच्या फितीवर आधीच भरलेले असत. बँडचं नाव ऑर्केस्ट्रल मॅनुव्हर्स इन द डार्क, म्हणजेच ओएमडी. हा एकच कार्यक्रम करायचा, असं तेव्हा ठरलं होतं. पुढे तो बँड गाजला, १९८९मध्ये फुटला, सतरा-अठरा वर्षांनी त्याच चौघांसह पुन्हा उभा राहिला आणि २००७मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोत त्याच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं. ती फिल्म पुढच्या वर्षी ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी अँड मोअर’ या नावाने डीव्हीडीवर आली.

अशा फिल्मबद्दल नेहमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, प्रत्यक्ष कार्यक्रम तिने कितपत पकडला आहे? रॉक बँडच्या किंवा ख्यालगायकाच्या बाबतीत या प्रश्नाचा अर्थ निदान स्पष्ट असतो. पण ज्या संगीतात पहिल्या दिवसापासून टेप रेकॉर्डर रंगमंचावर बसलेला आहे, त्यात ‘प्रत्यक्ष’ म्हणजे नेमकं काय? फिल्मकडे वळण्याआधी या शब्दाचा इतिहास थोडा पाहायला हवा.

११ सप्टेंबर १९७५ रोजी लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरात जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांत सोळा वर्षांचा मॅक्लस्की होता. आपलं आयुष्य त्या दिवशी बदललं, असं तो अनेक मुलाखतींतून सांगत आला आहे. रॉक संगीतातला घाम, लांब केस, गिटार घेऊन मारलेल्या उड्या, यांतलं काहीच क्राफ्टवेर्ककडे नव्हतं. तीन वर्षांनी ‘द मॅन-मशीन’ या अल्बमच्या वेळी तर त्यांनी स्वतःचे पुतळेच लोकांसमोर ठेवले. वादकाच्या शरीराकडे पाहण्याची गरज नाही, असं त्यांना सुचवायचं होतं. हे बघून तयार झालेल्या इंग्रज मुलांनी मात्र त्याच सुरांत स्वतःचं शरीर परत आणलं. मॅक्लस्की रंगमंचावर हातपाय झाडत, ताल सुटल्यासारखा नाचतो. त्या नाचाची चेष्टा खूप झाली. पण यंत्राशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाने करायचं तरी काय, या प्रश्नाला ते त्याचं उत्तर होतं.

हा प्रश्न पोटापाण्याचाही होता. ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनचं ‘कीप म्युझिक लाइव्ह’ हे घोषवाक्य जुनं. १९८२मध्ये युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी आणावी असा ठराव केला. आज आपल्याला त्याचं हसू येतं. पण व्हायोलिनवाल्यांचा एक अख्खा ताफा एका कीबोर्डात मावू लागल्यावर त्या माणसांनी जायचं कुठे? याच सुमारास मुंबईतही हा प्रश्न उभा राहत होता. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारे गोव्याचे वादक आणि अरेंजर ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आणि नव्या ध्वनिमुद्रण तंत्रामुळे हळूहळू कामाला मुकले. तेव्हा ‘लाइव्ह’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या आनंदाचा आहे, तसा वाजवणाऱ्याच्या रोजगाराचाही आहे.

ओएमडीचा प्रवास मात्र याच्या उलट दिशेने झाला. त्यांनी यंत्र काढून माणूस आणला. १९८०मध्ये माल्कम होम्स ड्रम्सवर आला आणि विन्स्टन निवृत्त झाला. त्याच वर्षी मार्टिन कूपर कीबोर्ड आणि सॅक्सोफोनसाठी आला. चौघांचा हा संच ठरला आणि त्यांनी नोव्हेंबर १९८१मध्ये ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ हा अल्बम काढला. नाव वास्तुकलेचा इतिहासकार डेव्हिड वॉटकिन याच्या ग्रंथाच्या शीर्षकातले शब्द उलटे करून घेतलेलं. यात वास्तू म्हणजे यंत्रांची काटेकोर रचना आणि नीती म्हणजे माणसाची भावना, असा अर्थ लावता येतो.

या अल्बमचं मुख्य वाद्य मेलोट्रॉन. दिसायला ऑर्गनसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की व्हायोलिनच्या किंवा गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रणाचा तो तुकडा साधारण आठ सेकंद सरकतो आणि संपतो. सूर पुढे हवा असेल तर बोट उचलून पट्टी पुन्हा दाबायची. म्हणजे वाजवणारा समोर खरोखर वाजवतो आहे आणि कानावर पडतात ते कधीकाळी दुसऱ्याच खोलीत बसून गेलेल्या माणसांचे सूर. ‘सुव्हेनिर’ या गाण्यात तर गायकवृंदाच्या टेपच्या फितींवरच हम्फ्रीजचा हळवा आवाज तरंगत राहतो. हे कळल्यावर ‘खरं वाजवलं की टेप लावली’ हा वाद निदान या बँडपुरता निरर्थक होतो. टेप त्यांच्या वाद्याच्या पोटातच होती.

अशा संगीताची फिल्म कशी करायची, याचं एक मोठं उत्तर १९८९मध्ये आलं होतं. डी. ए. पेनेबेकर, ख्रिस हेजेडस आणि डेव्हिड डॉकिन्स यांची ‘१०१’ ही डेपेश मोडवरची फिल्म. १८ जून १९८८ रोजी पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये साठ हजारांवर लोकांपुढे झालेला कार्यक्रम हे तिचं शिखर. पण पेनेबेकरांनी कॅमेरा सतत रंगमंचाबाहेर नेला. बसमधून कार्यक्रमाला निघालेली तरुण मुलं, शेवटी तिकिटविक्रीच्या पैशांचा हिशेब, आणि मधेच ॲलन वाइल्डर कीबोर्डच्या कोणत्या पट्टीवर कोणता आवाज ठेवला आहे ते दाखवतो तो प्रसंग. बॉब डिलनवर फिल्म केलेल्या या माणसाने ओळखलं होतं की इथे बोटांकडे पाहून फार काही कळणार नाही. सभोवताल दाखवला पाहिजे.

ओएमडीच्या फिल्मने तो मार्ग घेतला नाही. ती साधी आहे. कार्यक्रम सुरू होतो, अल्बममधली गाणी होतात, मग इतर गाजलेली गाणी, आणि संपतो. माझा व्यवसाय भाषांतराचा, त्यामुळे मला ती अनुवादाच्या अनुवादासारखी वाटते. १९८१चा अल्बम ही मूळ संहिता. २००७चा कार्यक्रम हा तिचा, त्याच लेखकांनी मध्यमवयात केलेला अनुवाद. आणि फिल्म हा त्या अनुवादाचा अनुवाद. मराठीत आपण कितीतरी रशियन कादंबऱ्या इंग्रजीतूनच आणल्या आणि त्या वाचून रडलोही. तेव्हा दुसऱ्या हातून आलं म्हणून खोटं, असं मी म्हणणार नाही. वाटेत काय गळलं आणि काय नव्याने दिसू लागलं, एवढंच पाहायचं.

गळलं ते आधी. ‘सीलँड’ हे सात मिनिटांहून लांबीचं, सावकाश उमलणारं गाणं. अंधाऱ्या सभागृहात त्याचा खर्ज छातीत जाणवतो आणि आपण कुठेच पाहत नसतो. फिल्ममध्ये मात्र सतत कुठेतरी पाहावंच लागतं, आणि पाहण्यासारखं तिथे फारसं घडत नसतं. मग कॅमेरे बदलत राहतात आणि गाण्यातली स्थिरता मोडते. शब्दांमधली शांतता अनुवादात आणणं जितकं अवघड, तितकंच हेही.

आता दिसू लागलं ते. पहिली गोष्ट, वय. सूर १९८१चेच आहेत, पण गाणारे पन्नाशीकडे झुकलेले आहेत. ध्वनिमुद्रित आवाजाला वय नसतं. त्याच्याशेजारी उभ्या माणसाला असतं. हा फरक नुसत्या ऐकण्यात निसटतो, फिल्ममध्ये तो प्रत्येक चौकटीत समोर असतो. मॅक्लस्कीचा तो नाच तसाच आहे, फक्त आता दम लागलेला दिसतो.

दुसरी गोष्ट, बँडची फूट. १९८९नंतर हम्फ्रीज, होम्स आणि कूपर यांनी ‘द लिसनिंग पूल’ नावाचा वेगळा बँड काढला. मॅक्लस्की जुनं नाव घेऊन १९९६पर्यंत चालत राहिला. ‘सेलिंग ऑन द सेव्हन सीज’ हे १९९१चं गाणं त्या एकट्या काळातलं, बाकी तिघांशिवाय केलेलं. २००७च्या कार्यक्रमात ते तिघे तेच गाणं वाजवतात. भांडून वेगळ्या झालेल्या भावंडांनी एकमेकांच्या घरातली भांडी बिनबोभाट वापरावीत, तसं ते वाटतं. त्यावर कोणी भाषण करत नाही. पुनर्मीलनाच्या कार्यक्रमात याहून खरा क्षण मला दिसला नाही.

तिसरी गोष्ट ‘एनोला गे’. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं हे नाव. वैमानिक पॉल टिबेट्सने ते आपल्या आईवरून ठेवलं होतं. १९८०च्या या गाण्यात नेहमीचं ध्रुवपद नाही. त्या जागी सिंथेसायझरची एक उत्फुल्ल धून येते. नाव आईचं, काम संहाराचं आणि चाल नाचायची, हा विरोध गाणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवला आहे. रेकॉर्डवर तो आपण एकटे ऐकतो. फिल्ममध्ये भरलेलं सभागृह त्या धुनीवर नाचताना दिसतं आणि मग तो विरोध ऐकणाऱ्याच्याही अंगाला चिकटतो.

आणि चौथी गोष्ट माल्कम होम्स. सिंथ-पॉपच्या रंगमंचावर कॅमेऱ्याला निःशंकपणे पाहता येतो तो ड्रमर. कीबोर्डवाल्याचं बोट आणि कानावरचा सूर यांचं नातं प्रेक्षकाला तपासता येत नाही. ड्रमरच्या काठीचं येतं. ‘मेड ऑफ ऑर्लीन्स’ तिमात्रेच्या ठेक्यात चालतं. त्यात होम्सचे हात उठताना आणि पडताना दिसतात, तेव्हा विन्स्टनच्या जागी माणूस आणून या बँडने काय मिळवलं ते डोळ्यांना कळतं.

जुलै २०१३मध्ये टोरांटोतल्या एका कार्यक्रमात, तीव्र उकाड्यात, होम्स कोसळला. त्याचं हृदय काही मिनिटं बंद पडलं होतं. तो वाचला; पण दौरा तिथेच थांबला आणि पुढे त्याची जागा स्टुअर्ट कर्शॉने घेतली. बँड आजही गातो, वाजवतो. त्या चौघांचा संच मात्र आता रंगमंचावर नसतो.

तेव्हा फिल्मने कार्यक्रम कितपत पकडला, याचं माझं उत्तर असं. सूर पकडण्यासाठी तिची फारशी गरज नव्हती. ते अल्बमवर आहेतच, आणि तिथे अधिक चांगले आहेत. सभागृहाचा अंधार आणि खर्ज तिला पकडता आलेला नाही. पण फितीवर चालणाऱ्या संगीतात जे फितीवर कधीच नव्हतं, ते तिने नोंदवून ठेवलं: दमणारी, म्हातारी होणारी, एकमेकांपासून दूर जाऊन परत आलेली चार माणसं. विन्स्टन बिघडला असता तर फीत दुसऱ्या यंत्रावर चढवता आली असती. होम्सच्या बाबतीत ते शक्य नव्हतं, हे २००८मध्ये डीव्हीडी विकत घेणाऱ्या कोणाच्याही मनात आलं नसेल. आज ती पाहताना माझी नजर गायकापेक्षा मागे, ड्रम्सकडेच जास्त जाते.